दोघांचे चार दिवस, आंदालुसियाच्या उन्हात

तक्ता करण्याची सवय मला नोकरीने लावली. वीस वर्षे वेळापत्रकावर काढलेल्या माणसाला कुठे मोकळा तास दिसला, की तो लागलीच कुठल्या तरी वर्गाला देऊन टाकावासा वाटतो. म्हणून दक्षिण स्पेनच्या चार दिवसांचाही मी तक्ता केला. उभ्या रकान्यात वार, आडव्या ओळीत तास. मालागा, कोर्दोबा, ग्रानादा, सेविया आणि जमल्यास रोंदा. प्रत्येक गावाला वेगळा रंग. तक्ता हिच्यापुढे धरला तेव्हा ही पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता तिने एकवार नजर टाकली नि विचारले,

"दुपारी काय?"

"दुपारी काय म्हणजे? दोन ते चार मशीद, चार ते सहा नदीवरचा पूल नि पलीकडचा बुरूज..."

"ते नव्हे हो. दुपारी पडायचं कुठे?"

हिचे माहेर अकोल्याचे, हे इथेच सांगून ठेवतो. या लेखातला बराचसा मजकूर त्या एका प्रश्नाच्या पोटातून निघाला आहे.

आता कुणी म्हणेल, स्पेनचा दक्षिण भाग पाहायला उन्हाळ्यात जावेच कशाला? अगदी रास्त प्रश्न आहे. पण शिकवणाऱ्या माणसाला सुट्टी मिळते ती मे-जूनमध्येच, आणि बायको बँकेत असली की तिची रजा त्या सुट्टीशी जुळवताना निम्मे आयुष्य जाते. धाकटा भाऊ जर्मनीत फ्रँकफुर्टला असतो. त्याच्याकडे तीन आठवडे राहायचे ठरले होते. त्यानेच एके रात्री फोनवर सुचवले, "दादा, मुलं आमच्याकडे राहू देत. तुम्ही दोघं चार दिवस कुठेतरी जाऊन या की." वीस वर्षांत आम्ही दोघे चार दिवस कुठे गेलोच नव्हतो. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, त्यालाही मावशी सोबत होत्या. असो.

व्हिसाचे एक बरे असते. शेंगेन गटातल्या २९ देशांना एकच व्हिसा चालतो. ज्या देशात अधिक दिवस राहायचे त्याच्याकडे अर्ज करायचा. म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडे गेला आणि स्पेनसाठी वेगळे काही करावे लागले नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो, पण निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलाच पाहिजे. २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसाला ९० युरो फी आहे, आणि आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. हा विम्याचा कागद मी बॅगेच्या तळाशी टाकला होता. तुम्ही तसे करू नका. वरच्या कप्प्यात ठेवा.

फ्रँकफुर्टहून विमान तीन तासांत मालागाला उतरते. विमानतळावरून लोकलने मालागाचे मोठे स्टेशन गाठायचे आणि तिथून वेगवान गाडीने तासाभरात कोर्दोबा. इथपर्यंत माझा तक्ता मिनिटामिनिटाने बरोबर निघाला. गाडीत मी हिला तो दोनदा दाखवलाही. खिडकीबाहेर ऑलिव्हची झाडे, टेकड्यांच्या टेकड्या भरून. अंगावर गोंदल्यासारखी एका मापाने लावलेली. ही म्हणाली, "आमच्याकडे कपाशी अशी दिसते." आणि पुढे काही बोलली नाही.

स्पेनच्या घड्याळाविषयी मला आधी कुणी सांगायला हवे होते. देश ग्रिनिचच्या रेषेवर आणि बहुतेक सारा तिच्या पश्चिमेला. पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत तिथली घड्याळे तासभर पुढे करून बर्लिनच्या वेळेला जोडली, ती अजून मागे घेतलेली नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. परिणाम असा, की कोर्दोबात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात सव्वादोन वाजून गेल्यावर. आपल्या पुण्यात तेच साडेबाराच्या सुमाराला होते. मी आपला पुणेरी हिशेब केला : चार वाजता ऊन उतरायला लागेल, साडेचारला पुलावर जाऊ. प्रत्यक्षात तिथले साडेचार म्हणजे आपली ऐन दुपार. खरा कडाका पाच-सहाला असतो आणि जूनमध्ये सूर्य मावळतो पावणेदहाच्या आसपास.

हॉटेलात सामान टाकले तेव्हा साडेतीन झाले होते. खोली थंडगार होती, खिडकीला लाकडी झडपा होत्या. ही पलंगावर टेकली नि म्हणाली, "सातपर्यंत मी इथून हलणार नाही. तुम्हीही हलू नका."

मी तक्ता काढला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण मी म्हणालो, "आपण झोपायला आलोय का इथे?" चार दिवस, चार गावे, प्रत्येक तासाचा किती युरो खर्च पडतो, हे सारे मी तिला ऐकवले. ती उठली. ओढणी डोक्यावरून, कानांवरून घट्ट बांधून घेतली, अकोल्यात बांधतात तशी. बाटलीत पाणी भरले आणि निघाली.

गल्ल्यांत चिटपाखरू नव्हते. दुकाने बंद, झडपा बंद. औषधांच्या दुकानांवर तिथे हिरवा दिव्यांचा क्रूस असतो, त्यावर आळीपाळीने वेळ नि तापमान उमटते. त्यावर ४१ आकडा होता. ग्वादालकिविर नदीवरचा रोमन पूल सोळा कमानींचा आहे, मुळात रोमन काळातला, पुढे अनेकदा दुरुस्त केलेला. फोटोत फार देखणा दिसतो. फोटोत त्यावर एक झाड नाही की आडोसा नाही, हे ध्यानात येत नाही. पुलाच्या मध्यावर कठड्याशी सान राफाएल या देवदूताचा पुतळा आहे, १६५१ सालचा. पायाशी भाविकांच्या मेणबत्त्या. त्या पुतळ्याची हातभर सावली पडली होती. ही त्या सावलीत बसली.

"चल, बुरूज समोरच आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. चेहरा लाल नव्हता. लालपणा जाऊन पांढुरका झाला होता. हात धरला तो कोरडा लागला, नि त्यावर काटा आला होता. ४१ अंशांत काटा! "मळमळतंय," एवढे ती म्हणाली. बाटली रिकामी होती. मी वाटेत तीन वेळा प्यायलो होतो. तिच्या वाटणीचे पाणी माझ्याच पोटात गेले, हे मला तिथे पुलावर समजले.

तिला खांद्याला धरून परत आणले. दोनशे पावले असतील, पण जन्मभर पुरतील. जुन्या वस्तीतल्या एका दाराची झडप अर्धी वर होती. आत काळ्या पोशाखातली एक म्हातारी जमीन पुसत होती. मला स्पॅनिशमधले दोन शब्द येत होते, ते दोन्ही त्या वेळी आठवले नाहीत. सांगावेच लागले नाही. तिने हिच्याकडे एकदा पाहिले, हाताला धरून आत घेतले नि माझ्याकडे असे पाहिले, की जगातल्या सगळ्या भाषांत त्याचा अर्थ एकच होईल.

कोर्दोबाची घरे बाहेरून नुसती पांढरी भिंत. आत शिरले की चौक. मधोमध विहीर किंवा कारंजे, भोवती भिंतभर टांगलेल्या फुलांच्या कुंड्या, पायाखाली गोट्यांची फरसबंदी, पाणी मारून ओली ठेवलेली. दर मे महिन्यात या चौकांचा उत्सव असतो आणि २०१२ साली युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. हे सगळे मी आधी वाचलेले होते. तिथे जे कळले ते एवढेच, की रस्त्यापेक्षा चौकात श्वास निराळा घेता येतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांचे चौक मी पाहिलेत, त्यांचे कौतुक करणारे लेखही लिहिलेत. पण ते कशासाठी बांधत, याचा विचार कधी केला नव्हता. म्हातारीने हिच्या मानेवर ओले फडके ठेवले, मनगटांवर पाणी सोडले, आणि घोटघोट पाणी पाजले. "पोको आ पोको," म्हणजे हळूहळू. पाऊण तासाने हिला घाम आला. घाम आलेला पाहून इतका आनंद मला पूर्वी कधी झालेला नाही.

निघताना मी पैसे काढू लागलो, तर हिनेच माझा हात दाबला. दुसऱ्या दिवशी आम्ही म्हातारीला एक कुंडी नेऊन दिली. तिच्याकडे साठ तरी होत्या.

रात्री खोलीत झडपा उघडल्या. दहा वाजता खाली रस्ता जागा झाला होता. मुले चेंडू खेळत होती, आजोबा खुर्च्या टाकून बसले होते. मी म्हणालो, "चुकलं माझं." ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "चुकीचं नाही हो काही. तुम्ही तक्त्याबरोबर आलात. मी तुमच्याबरोबर आले होते."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रानादाला जायचे होते. अल्हंब्राच्या तिकिटाचे असे असते, की ते नावावर मिळते, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि आतल्या नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की राजवाडे चुकले. उन्हाळ्यात तिकिटे कितीतरी आधी संपतात, म्हणून मी ती दोन महिने आधी घेऊन ठेवली होती. वेळ दुपारी दीडची. पहाटे जागा झालो तेव्हा ही गाढ झोपली होती. मी तिकिटे पाकिटातून काढली, पाहिली आणि परत ठेवली. म्हणून अल्हंब्राबद्दल मी तुम्हाला तिकिटापुरतेच सांगू शकतो. एक मात्र सांगतो : घेणार असाल तर सकाळची पहिली वेळ घ्या, नाहीतर उन्हाळ्यात रात्रीचीही भेट असते, ती घ्या, आणि गाव पाहायचे ते तिकिटाच्या भोवती आखा. एका गावी एकच बांधलेली वेळ असावी, दोन नकोत.

मेस्किता आम्ही पाहिली, तीही सकाळी साडेआठला. आम्ही गेलो तेव्हा साडेनऊपर्यंत प्रवेशाला तिकीट नव्हते. रविवारी मात्र ही सवलत नसते. पहिल्या अब्द अल-रहमानने ७८५ च्या सुमाराला ही मशीद बांधायला घेतली आणि पुढची दोनशे वर्षे ती वाढत गेली. आत साडेआठशेच्या वर खांब आहेत. कितीतरी खांब जुन्या रोमन नि व्हिसिगॉथ इमारतींमधून काढून आणलेले, म्हणून एक उंच तर एक बुटका. ते एका उंचीला आणण्यासाठी कुणाच्या खाली बैठक दिली आहे. छत उंच हवे म्हणून कमानीवर कमान चढवली : तांबडी वीट, पांढरा दगड, तांबडी वीट. १२३६ मध्ये कोर्दोबा ख्रिस्ती राजाने जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. सोळाव्या शतकात तर मधोमध खांब पाडून एक आख्खे कॅथीड्रल उभे केले. गावच्या नगरपालिकेचा त्याला विरोध होता, तरी पाचव्या चार्ल्स राजाने परवानगी दिली. पुढे ते प्रत्यक्ष पाहिल्यावर तो हळहळला, अशी आख्यायिका आहे. चांगल्या मोकळ्या जागेत काहीतरी भव्य कोंबण्याचा मोह राजांनाही आवरत नाही, हे वाचून मला थोडा धीर आला.

आम्ही एका खांबाशी पाऊण तास बसलो. तक्त्यात वीस मिनिटे होती.

भाषेच्या मास्तराला तिथे एक वेगळीच मेजवानी असते. संत्र्याला ते नारांखा म्हणतात. आपले संस्कृत नारंग फारसीत गेले, तिथून अरबीत, आणि अरबांच्या बागांबरोबर स्पेनमध्ये रुजले. साखरेला आसुकार, मूळ शर्करा. बुद्धिबळाला आखेद्रेस, म्हणजे आपले चतुरंगच, शत्रंज होऊन गेलेले. आल्फोन्सो नावाच्या विद्वान राजाने खेळांवरचे एक सचित्र पुस्तक सेवियात १२८३ साली पुरे करवले, त्यात बुद्धिबळाचे डाव आहेत. आणि हाच आल्फोन्सो युवराज असताना, १२५१ मध्ये, ‘कलिला व दिम्ना’चे स्पॅनिश भाषांतर झाले. कलिला-दिम्ना म्हणजे पंचतंत्रातले करटक-दमनक! ग्वादालकिविर हे नदीचे अवघड नावसुद्धा अरबी ‘वादी अल-कबीर’, मोठी नदी. "म्हणजे कबीरच की," ही म्हणाली. संध्याकाळी त्याच पुलावर आम्ही पुन्हा गेलो, नऊ वाजता. वारा होता. बुरूज तेव्हा बंद झाला होता.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहण्याची तयारी करून जाऊ नये, पण सावध असावे. साल्मोरेखो नावाचा टोमॅटो, शिळा पाव, लसूण नि ऑलिव्ह तेल एकत्र घोटलेला गार, दाट प्रकार कोर्दोबात घरोघर होतो. त्यावर उकडलेले अंडे नि डुकराच्या मांसाचे तुकडे पेरतात, ते नकोत हे आधीच सांगावे : ‘सिन खामोन’. वांग्याचे तळलेले काप उसाच्या पाकाबरोबर येतात. पहिला घास घेतल्यावर ही म्हणाली, "अहो, ही तर काकवी!" खरेच काकवी होती, मालागाच्या बाजूला उसाची काकवी अजून करतात. सेवियात पालक नि छोले एकत्र शिजवतात, जिरे घालून, ते तर घरचेच. जेवणाच्या वेळा मात्र त्यांच्याच : दुपारी दोन ते चार, रात्री नऊनंतर. सातला जेवण मागणाऱ्याकडे वेटर रुग्णाकडे पाहावे तसे पाहतो.

सेवियाला गाडीने पाऊण तास लागतो. तिथे आम्ही एक रात्र राहिलो. त्या गावाने उन्हाशी सरळ बोलणी केलेली दिसतात. २०२२ पासून तिथे उन्हाच्या लाटांना वादळांसारखी नावे देतात. पहिलीचे नाव सोए. सिएर्पेस नावाच्या बाजाररस्त्यावर उन्हाळाभर इमारतींच्या माथ्यांवरून कापडाची छते ताणलेली असतात. आपल्याकडे मांडव घालतात, तसा अख्खा रस्ताच मांडवात. कॅथीड्रलचा हिराल्दा मनोरा पूर्वी मशिदीचा मिनार होता. वर जायला पायऱ्या नाहीत, उतरंडी आहेत, म्हणजे अजान देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावे. चाळिशीतल्या गुडघ्यांनी त्या वास्तुविशारदाचे आभार मानले. आल्काझारच्या बागेत आम्ही सकाळी गेलो, एकला बाहेर पडलो आणि सातपर्यंत झोपलो. मीसुद्धा. घोरलोही म्हणे.

कुणा जोडप्याला जायचे असेल तर आता मी काय सांगेन? दोन गावे, दोन-दोन रात्री. राहायला जुन्या वस्तीत, आत चौक असलेले लहान हॉटेल पाहा. चार पैसे जास्त पडले तरी चालतील, कारण दुपारी पायी परत येता आले पाहिजे. गंमत म्हणजे कोर्दोबा-सेवियात जुलै-ऑगस्टला हॉटेले वसंतापेक्षा स्वस्त असतात, कारण शहाणे लोक त्या वेळी समुद्रावर गेलेले असतात. तेव्हाची कोर्दोबाची दुपार सदतीस अंशांना सुरू होते असे धरून चाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच प्रांतात पारा ४७ च्या वर गेला होता. ऑगस्टात कितीतरी घरगुती खानावळी नि दुकाने कुलूप लावून जातात, तेही ध्यानात ठेवा. आठ ते एक बाहेर, दोन ते सात आत, आठनंतर मध्यरात्रीपर्यंत पुन्हा बाहेर. पाण्याच्या बाटल्या दोघांच्या दोन, वेगवेगळ्या.

भावाकडे परतलो तेव्हा मुलांनी तक्ता मागितला, काय काय पाहिले त्यावर खुणा करायला. शोधला तर हिच्या पर्समध्ये निघाला. पाठीमागे हिने साल्मोरेखोची कृती लिहून घेतली होती. रोंदाच्या निळ्या चौकोनावर तेलाचा डाग.

अल्हंब्रा राहिला, म्हणून मी परवा पुन्हा विषय काढला. "मार्च-एप्रिल उत्तम," ही म्हणाली. "हवा छान असते. तेव्हा जाऊ."

मार्चात परीक्षा, एप्रिलात पेपर.

"मग तपासा पेपर," ती म्हणाली. "मी आणि जाऊबाई जाऊन येतो."